मदत हवी आहे: स्वादुपिंडदाह आणि प्लेटलेटचा एमपीव्ही (सरासरी आकारमान), उशिरा लावलेल्या नमुन्यांचं काय करायचं?

नमस्कार. कोल्हापुरात पॅथॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय: अचानक उद्भवलेल्या स्वादुपिंडदाहात दाखल होतानाचा एमपीव्ही आणि पीडीडब्ल्यू (प्लेटलेटच्या आकारांतली तफावत) आजाराच्या तीव्रतेशी जुळतात का. निदान २०१२च्या सुधारित अटलांटा निकषांनुसार, तीव्रता बिसॅप या गुणपद्धतीवरून.

अडचण वेळेची आहे. रक्त गोठू नये म्हणून बाटलीत असलेल्या ईडीटीएमध्ये प्लेटलेट फुगतात, त्यामुळे नमुना जितका उशिरा लावू तितका एमपीव्ही वाढतो. दिवसा तासाभरात नमुना लागतो, रात्री नाही. परवाच्या जांभळ्या झाकणाच्या (ईडीटीएच्या) बाटलीवर ११.४० लिहिलं होतं, मशीनवर लागली ३.१० ला. मग माझंच रक्त काढून तपासलं: लगेच ९.१, तीन तासांनी ९.८. रुग्णांमधला फरकही जेमतेम एवढाच दिसतोय, म्हणून झोप उडालीय. आधीच्या अभ्यासांतही कुणाला एमपीव्ही कमी आढळला, कुणाला जास्त. मला तर त्यामागे हेच एक कारण वाटतं.

ईडीटीएऐवजी सिट्रेट वापरून पाहिलं, पण नेहमीच्या सीबीसीसोबत जादा बाटली भरायला रात्रपाळीत कोणी तयार नाही. मशीन इम्पीडन्सवर (पेशींमुळे होणाऱ्या विद्युत-अडथळ्यावरून मोजणी) चालणारं, बदलणं शक्य नाही. डेंग्यूचे आणि ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल घेणारे रुग्ण आधीच वगळलेत. एथिक्सची मंजुरी आहे. ६२ नमुने झालेत, त्यातल्या १९ना दोन तासांपेक्षा जास्त उशीर झालाय.

ज्यांनी एमपीव्हीवर काम केलंय त्यांनी कृपया सांगा: हे १९ सरळ वगळू, की रक्त काढल्यापासूनचा वेळ विश्लेषणात घेऊन ठेवू? आणि पुढच्या नमुन्यांसाठी मर्यादा एक तासाची ठेवावी की दोन?