शरदातली एकट्याची निवांत सायकलफेरी: काटोल रस्ता की शहरातलाच फेरा?

बिनगिअरची सायकल

नमस्कार. पाऊस परतला आहे आणि पहाटे पंखा बंद करावासा वाटू लागला आहे. येत्या रविवारी कोणत्याही गटाबरोबर न जाता एकट्यानेच सायकलवर निवांत भटकून यावे, असा विचार आहे. सायकल साधी, बिनगिअरची आहे आणि मी नागपुरात धरमपेठेत राहतो. वेगाची हौस नाही. मनाला येईल तिथे थांबता आले पाहिजे, एवढीच अपेक्षा. काटोल रस्त्याने गोरेवाड्याच्या पुढे फेटरीपर्यंत जावे, की सेमिनरी हिल्स, फुटाळा तलाव, अंबाझरी तलाव असा शहरातच फेरा मारावा? आणि निघावे किती वाजता?

पहाटवारा

आपण वेळेचा प्रश्न शेवटी विचारलात, पण नागपुरात या दिवसांत तोच पहिला आहे. ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे किमान तापमान विशीच्या आसपास उतरते आणि दुपारी पारा ३२-३३ अंशांपर्यंत चढतो. आभाळ निरभ्र असल्यामुळे जमिनीतली उष्णता रात्री भराभर निघून जाते, आणि त्याच निरभ्र आभाळातून नऊनंतर ऊन असे चटके देऊ लागते की सकाळचा गारवा खरा होता की भास, असा प्रश्न पडावा. महिनाअखेरीस सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो, म्हणून साडेपाचला दिवा लावून निघावे. किती लांब जायचे हे अंतरावर ठरवू नका. साडेसातला जिथे असाल तिथून मागे फिरा.

मी फेटरीच्याच बाजूचा आहे. गोरेवाड्याचे जंगल मागे पडले की दोन्हीकडे शेते लागतात, तूर हिरवीगार उभी असते आणि बांधावरच्या गवताला पांढरे तुरे आलेले असतात. मात्र हा रस्ता शहरातून वायव्येकडे जात असल्यामुळे जाताना ऊन पाठीवर असते आणि परतताना थेट तोंडावर. त्या वेळी मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांतही तेच ऊन असते, हे विसरू नये. मागचा लाल दिवा उजेडातही चालू ठेवा आणि सदरा फिकट किंवा भडक रंगाचा घाला.

संत्रानगरी

पहाटवारा यांचे वेळेचे म्हणणे मान्य, रस्त्याचे नाही. ज्यांना वाटेल तिथे थांबायचे आहे त्यांनी ट्रकांच्या रस्त्यावर जाऊच नये. सिव्हिल लाइन्समधून जपानी गार्डनच्या बाजूने सेमिनरी हिल्सचा चढ घ्यावा. बिनगिअरच्या सायकलवर तो जड जाईल, तेव्हा सरळ उतरून सायकल हाती धरून चालावे. वर झाडांची सावली आहे, घाई कोणाला आहे? पलीकडे तेलंगखेडीकडे उतरण्याआधी ब्रेकचे रबर झिजलेले नाहीत ना, हे घरीच पाहून घ्या. पुढे फुटाळ्यावरून अमरावती रस्ता ओलांडला की अंबाझरी. तर्री पोहे मात्र परतीच्या वाटेवरच खावेत, कारण झणझणीत तर्री पोटात गेल्यावर पायडल मारण्याची इच्छा उरत नाही.

रविवार दसऱ्याच्या आसपास येत असेल, तर धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात आणि भोवतालची वाहतूक वळवलेली असते, एवढे ध्यानात ठेवून त्या बाजूचे रस्ते टाळा.

चेनकव्हर

एकट्याने जाण्याबद्दल दोघेही काही बोलले नाहीत. पहाटे सहाला पंक्चरचे एकही दुकान उघडे नसते. त्यामुळे जोडीची ट्यूब, हातपंप आणि चाकाच्या नटाला बसणारा पाना जवळ हवाच. साध्या सायकलचे मागचे चाक काढताना चेनकव्हर आडवे येते, म्हणून ते काम एकदा घरी करून पाहावे. कुत्री मागे लागली तर पायडल जोरात मारू नका. खाली उतरा, सायकल मध्ये धरा आणि सावकाश चालत राहा, बहुतेकदा ती आपली हद्द संपली की थांबतात. फेटरीकडे गेलात तर आणखी एक: कापणीच्या दिवसांत डांबरावर कुठे कुठे सोयाबीन वाळत घातलेले असते. त्या दाण्यांवरून चाक सहज घसरते, शिवाय ते कोणाचे तरी वर्षभराचे पीक असते, म्हणून तिथे वळसा घालावा.

बिनगिअरची सायकल

सर्वांचे आभार. या रविवारी शहरातला फेरा करतो. पाना मिळाला आणि चाक काढता आले, तर पुढच्या खेपेस फेटरी.