ब्रँच सोडण्याआधी उत्तरपत्रिका बघ

इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या सेमला मॅथ्स-३ आणि नेटवर्क (सर्किटचा विषय) दोन्ही राहिले म्हणून लगेच ब्रँच सोडू नकोस भाऊ. नागपुरात बर्डीवर नव्या क्लासची फी भरण्याआधी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागव. दोन्ही विषयांत लाप्लास आहे, म्हणजे अवघड समीकरण साध्या रूपात नेऊन सोडवायची पद्धत. समीकरण बरोबर, पण इन्व्हर्स काढताना, म्हणजे उत्तर परत मूळ रूपात आणताना, पार्शल फ्रॅक्शनला (मोठा अपूर्णांक साध्या तुकड्यांत फोडण्याला) गाडी अडली असेल, तर कच्चं आहे ते बारावीचं गणित. रोज चार-पाच उदाहरणं वही न बघता सोडव, सुधारतं ते. पण साध्या सर्किटला केव्हीएल (किरचॉफचा व्होल्टेजचा नियम) सुद्धा मांडता येत नसेल आणि मांडावंसंही वाटत नसेल, तर बीएस्सीकडे खुशाल वळ. पास झालेल्या विषयांची क्रेडिट अकॅडेमिक बँकेत (क्रेडिट जमा ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन खात्यात) चढलीत का तपास. ती जास्तीत जास्त ७ वर्षं चालतात. त्यातली किती धरणार, हे नव्या कॉलेजला आधीच विचार. जागा पक्की होईपर्यंत टीसी काढू नकोस.