'तेल ते तेल' म्हणे!

चौथा_गिअर:
प्रश्न होता 2016 ची होंडा सिटी, सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), 90,000 किमी, वॉरंटी संपलेली, गिअरबॉक्समध्ये कुठलं तेल घालू? त्यावर काल तेलकट यांनी ठोकून दिलं, "वॉरंटी संपली की कंपनीचे लाड बंद. कुठलंही चांगलं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नेहमीचं तेल) ओता, तेल ते तेल." रात्रभर डोक्यात तेच. अहो, सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुल्यांत दाबून धरलेला असतो. पकड टिकायची तर तेल त्यासाठीच बनवलेलं हवं. साध्या एटीएफवर पट्टा घसरला, पुलीला चरे पडले की तेल राहू दे, अख्खा गिअरबॉक्स उतरवा. होंडा एचसीएफ-२ हे स्वतःचं सीव्हीटी तेल लिहिते ते हौस म्हणून नाही.

तेलकट:
बरं बुवा, सीव्हीटीचं तुमचं खरं. गाडी नीट वाचली नव्हती. पण माझ्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे पट्टा नसलेल्या ऑटोमॅटिक गाडीत दुसऱ्या कंपनीचं तेल 60,000 किमी चाललंय. डब्यावर योग्य स्पेक (तेलाचं मानक) आहे, बास. लोगोची पूजा तुम्ही करा.

चौथा_गिअर:
स्पेक म्हणजे 'डेक्स्रॉन ३', जनरल मोटर्सचं एटीएफ मानक ना? जीएमने त्याचं लायसन्स देणं 2006 अखेर बंद केलं. आता ते कोणीही छापतं.

निवांत_काका:
डबा खरा असून उपयोग काय, आत ओततात का? सर्व्हिस सेंटरने मला चार डब्यांचं बिल लावलं. काचेमागून मोजले, तीन! चौथा रिकामा डबा दाखवा म्हटलं, तर सुपरवायझर जेवायला गेले ते साडेचारला उगवले.

सासवडकर:
काकांची काच आलीच. माझं ऐका, इतक्या रनिंगला तेल बदलूच नका. मेहुण्याने बदललं, पंधरा दिवसांत गिअरबॉक्स बसला.

चौथा_गिअर:
गाडी झटके द्यायला लागली म्हणूनच बदललं असेल ना? आजारी आधीच होती. आणि दिवे घाट न्यूट्रलमध्ये उतरतात का मेहुणे?

सासवडकर:
उतरतो. पेट्रोल वाचतं. तुमचं काय जातं?

निवांत_काका:
काही वाचत नाही! गिअरमध्ये उतारावर पाय काढला की पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बंद होतात. न्यूट्रलमध्ये आयडलिंगला पेट्रोल जळतंच, वर ब्रेक तापतात.

सासवडकर:
तीस वर्षं घाट उतरतोय. पुस्तकं तुम्ही वाचा.

तेलकट:
तरीच घाटात तुमच्या मागे ब्रेकचा वास येतो.

सासवडकर:
वैयक्तिक होऊ नका. मेहुण्याचं नाव काढायची गरज नव्हती.

चौथा_गिअर:
मेहुणा तुम्हीच आणलात!

सिटी_2016:
मंडळी, प्रश्न माझा होता. गाडी सकाळपासून गॅरेजमध्ये आहे. एचसीएफ-२ चे चार डबे आणलेत. जुनं तेल काळं निघालं. किती भरायचं?

तेलकट:
निघालं ते मोजा, आधी तेवढंच भरा. मग सपाटीवर, मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला पातळी बघा. आणि हो, एटीएफ नको. झालं समाधान, चौथा_गिअर?

निवांत_काका:
चार डबे? तुम्ही स्वतः मोजलेत ना?