मदत हवी आहे: ‘द ऑफिस’ बाबांना कुठून दाखवू?

मंडळी, बाबा 34 वर्षं एकाच ऑफिसात काढून नुकतेच रिटायर झाले. त्यांच्यासोबत अमेरिकन ‘द ऑफिस’ ही विनोदी मालिका लावली. 2005 चा पहिला भाग 2001 च्या ब्रिटिश मालिकेवरून जवळपास जसाच्या तसा घेतलाय, जेलीत घातलेल्या स्टेपलरसकट. त्या स्टेपलरला बाबा खळखळून हसले. पण ऑफिसातला साहेब मायकेल रिसेप्शनिस्ट पॅमला नोकरीवरून काढल्याचं खोटंच सांगून रडवतो, तिथे ते उठूनच गेले. “असा साहेब मी भोगलाय,” एवढंच म्हणाले.

मला ही मालिका त्यांच्यासोबतच बघायचीय. पहिल्या सीझनचे उरलेले पाच भाग सोडून थेट दुसरा लावला, तर काही अडेल का? मायकेलचा चांगुलपणा दिसेल असा नेमका भाग कोणता? रात्री जेवणानंतर लावणार आहे, प्लीज सांगा.