दीड लाख किलोमीटर झाले म्हणून गाडी विकायची?

पाना_पक्कड
एका पोस्टमध्ये वाचलं की दीड लाख किमी झाले की गाडी काढून टाका, आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला तर एक दिवसही थांबू नका. खाली शंभर लोकांनी माना डोलावल्यात. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय.

बाजारभावाचा इथे संबंधच काय? जुन्या गाडीचा भाव आधीच तळाला गेलेला असतो, त्याच्या निम्मे म्हणजे एक क्लच आणि चार शॉकअप. तुलना करायची तर ही गाडी अजून वर्षभर चालवायला काय लागेल ते एका बाजूला मांडा, आणि दुसरी घेतली तर त्याच वर्षात कर्जाचं व्याज, वाढलेला इन्शुरन्स आणि शोरूमबाहेर पडल्यापासून होणारी घसरण हे दुसऱ्या बाजूला मांडा. बहुतेक वेळा जुनीच स्वस्त पडते, मोठं काम निघालं तरी.

आणि नुसता किमीचा आकडा काय सांगतो? हायवेवर गरम इंजिनवर धावलेले दोन लाख आणि रोज दहा मिनिटं थंड इंजिनवर रखडत काढलेले साठ हजार, ह्यातली मी पहिली गाडी उचलेन. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायची तपासणी, करा, दोन सर्व्हिसच्या मधे तेल किती पिते बघा, धूर निळा आहे का पांढरा बघा, गाडी वर उचलून गंज बघा. इर्व्ह गॉर्डन ह्या अमेरिकन शिक्षकाने १९६६ मध्ये घेतलेली व्होल्वो पी१८०० तीच चालवत २०१३ मध्ये ३० लाख मैलांवर नेली, म्हणजे ४८ लाख किमी. वेळच्या वेळी सर्व्हिसिंग, दुसरं काही नाही.

पावसाळी_वाट
हिशेब मान्य, पण त्यात गाडीत बसणारी माणसं कुठे आहेत? २००९ मध्ये अमेरिकेतल्या आयआयएचएस ह्या रस्ता-सुरक्षा संस्थेने १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची मालिबू ६४ किमी वेगाने समोरासमोर धडकवली होती, व्हिडिओ बघा. जुनीचा जाडजूड पत्रा ड्रायव्हरच्या अंगावर चेपला गेला, नवीतल्या ड्रायव्हरच्या पायाला लागलं असतं इतकंच. आमची गाडी रात्री भर पावसात बंद पडली, मागे मुलगी झोपलेली, बाजूने ट्रक जातायत. तो खर्च तुमच्या कुठल्या रकान्यात बसतो ते सांगा.

पाना_पक्कड
ताई, पन्नास वर्षांचं अंतर असलेल्या गाड्या आपटून पंधरा वर्षांच्या गाडीबद्दल काय सिद्ध होतं? आणि बंद कशाने पडली? अल्टरनेटर, फ्युएल पंप, बॅटरी, ह्यातलंच काहीतरी असणार, आणि हे सगळं बदलता येतं.

पावसाळी_वाट
अल्टरनेटर होता. त्याच्या आधी वॉटर पंप, त्याच्या आधी रेडिएटर. प्रत्येक वेळी मेकॅनिक म्हणाला आता बघायला नको. आणि पन्नास वर्षांचं सोडा, ईएससी घ्या, म्हणजे गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून सक्तीचं, युरोपात २०१४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना. त्याआधीच्या कितीतरी गाड्यांत नाहीच, आणि ते मागाहून बसवता येत नाही. ओल्या वळणावर गाडी फिरली की तुमची कॉम्प्रेशन टेस्ट काय करणार?

पाना_पक्कड
ईएससीचा मुद्दा सोडतो, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. बाकी सगळ्यावर आहे.

तिसरा_पेडल
इंजिनाचं काय घेऊन बसलात, ऑटोमॅटिक असेल तर दीड लाखाला विकाच. कंपनी म्हणते गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभराचं, हातच लावू नका. माझ्या मेव्हण्याने हौसेने बदललं आणि पंधरवड्यात गिअर स्लिप व्हायला लागले. चांगला चालणारा गिअरबॉक्स तेलाने घालवला.

पाना_पक्कड
तेलाने नाही घालवला, जायला लागला म्हणून तेल बदललं. चांगला चालत असताना कोण बदलतं ते?

तिसरा_पेडल
तुम्ही होता का तिथे? गाडी मी स्वतः चालवलीय, लोण्यासारखी गिअर बदलायची. दुसऱ्याच्या घरातलं तुम्हाला जास्त कळतं का?

वाल्व्हबॉडी
दोघंही जरा ऐका, माझं रोजचं काम आहे हे. मशीन लावून दाबाने फ्लश करणं वेगळं आणि खालचा नट काढून तेल सोडून नवीन भरणं वेगळं. जुन्या, कधीच तेल न बदललेल्या गिअरबॉक्समध्ये फ्लश केलं तर तळाचा गाळ उठून वाल्व्हबॉडीच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने गिअर बदलणाऱ्या भागाच्या, बारीक वाटा तुंबू शकतात. नुसतं सोडलं तर एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं तेल निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागात, राहतं, म्हणून थोड्या थोड्या किमीने दोन-तीनदा करायचं. आणि पातळी ठरलेल्या तापमानालाच मोजायची, अर्धी भानगड तिथेच होते. आयुष्यभराचं तेल ही तर निव्वळ दिशाभूल आहे, गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किमीला बदला सांगते.

तिसरा_पेडल
म्हणजे फ्लशने जाऊ शकतो, हेच मी म्हणत होतो.

पाना_पक्कड
तुम्ही "तेल बदललं की जातो" म्हणालात. वर वाचा.

तिसरा_पेडल
शब्द पकडत बसा. नुकसान आमच्या घरात झालंय, तुमच्या नाही.

नवा_टायर
गिअरबॉक्सचा वेगळा धागा काढा, मला खरंच निर्णय घ्यायचाय. गाडी १ लाख ९० हजार, मॅन्युअल, ईएससी आहे, तेल पीत नाही. टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन-वाल्व्हचा मेळ राखणारा पट्टा, कधी बदलला ह्याचा कागद नाही. इंजिनात तेल भरायच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसतो. विकू?

वाल्व्हबॉडी
बेल्ट आधी बदला, त्यात चर्चा नको. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन वाल्व्हवर आदळतात आणि वाल्व्ह वाकतात. दुधाळ चिकट्याने लगेच घाबरू नका, थंडीत छोट्या फेऱ्या असतील तर नुसती वाफ साचूनही होतो. पण कूलंट कमी होत असेल किंवा डिपस्टिकलाही तेच दिसत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं सील, बघा, आणि ते गेलं असेल तर बेल्टवर पैसे घालण्याआधीच थांबा.

पावसाळी_वाट
आणि टायर कधी बनला ते सांगणारे त्याच्यावरचे चार आकडे बघा, पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. जुनी गाडी ठेवणारे टायर पण जुनेच ठेवतात.

पाना_पक्कड
हे बरोबर बोललात. आणि खालून सस्पेन्शन जिथे बसतं तिथे, किंवा दारांखालच्या उंबऱ्याच्या पत्र्याला आरपार गंज असेल तर मी पण विका म्हणेन. वेल्डिंगचे ठिगळ मारून त्यात मुलांना बसवू नका.

पावसाळी_वाट
एवढं पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर मी इतकी भांडले नसते.

तिसरा_पेडल
मी माझ्या गाडीचं तेल बदलणार नाही ते नाहीच.