अनुभव धागा : 'काही नाही गं, दात येतायत!'

परवा पहाटे पावणेतीनला तापलेलं पोर मांडीवर घेऊन बसले होते आणि घरातली तिन्ही मोठी माणसं एका सुरात सांगत होती, "काही नाही गं, दात येतायत." लेक आठ महिन्यांची. खालचे दोन दात तांदळाच्या कणीएवढे वर आलेत, दिवसाला सहा लाळेरी भिजतात, माझा खांदासुद्धा चावून झालाय. त्यामुळे दात येतायत यात वादच नाही. पण काखेतला थर्मामीटर १०२.४ दाखवत होता.

आणि मला ती 'आपली' वाटत नव्हती. एरवी अंगात ताप असला तरी पंख्याकडे बघून हात हलवते. त्या रात्री तिने पंख्याकडे बघितलंच नाही. आता हे डॉक्टरांना कसं सांगायचं? सकाळी नऊला सांगितलं खरं, चाचरतच. ते हसले नाहीत. कानात बॅटरी घालून बघितलं तर उजव्या कानाचा पडदा लालभडक, फुगलेला.

ते म्हणाले, दाताने अंग जरासं कोमट होईल, पण १००.४ च्या वर ताप गेला की कारण दुसरीकडे शोधायचं. सहा महिन्यांच्या आसपास आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरायला लागते, तेव्हाच दात येतात, तेव्हाच पोर रांगायला लागतं आणि दिसेल ते तोंडात घालतं. सगळं एकदमच होतं आणि आळ येतो दातावर.

तुमच्याकडे काय झालं? वाटलं आणि खरं निघालं, तसंच वाटलं आणि पार फसलं, दोन्ही लिहा. औषधाचे डोस मात्र इथे विचारू नका आणि सांगूही नका.

नागपूर, दोन मुलींची आई

मोठी तेव्हा दहा महिन्यांची. ताप यायचा, औषधाने उतरायचा, पाच-सहा तासांनी परत हजर. ना सर्दी, ना खोकला. वरची हिरडी टणक झालेली, त्यामुळे सासूबाई, शेजारच्या काकू, माझी स्वतःची आई, सगळ्यांचं निदान तयार. पहिल्या दिवशी डॉक्टरही "व्हायरल वाटतंय, दोन दिवस बघू" म्हणाले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, तेव्हा तपासून दिसण्यासारखं काही नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी लंगोट बदलताना वास आला. रोजचा नाही, कुबट, मासळीसारखा. (आमच्याकडे घरी सुती लंगोटच. डायपर असता तर बहुतेक कळलंच नसतं.) तो लंगोट प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून दवाखान्यात नेला. नवरा जिना चढेपर्यंत म्हणत होता, "हे तिथे बाहेर काढू नको हं." काढला. डॉक्टरांनी खरंच वास घेतला आणि लघवीची तपासणी लिहून दिली.

दहा महिन्यांच्या मुलीची लघवी डबीत धरणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. स्वच्छ धुऊन, निर्जंतुक डबी हातात धरून मी पाऊण तास उकिडवी बसले, नवरा तांब्यातून पाण्याची धार सोडत "शूऽऽ" करतोय. दोन दिवसांनी कल्चरचा रिपोर्ट आला : ई. कोलाय, म्हणजे लघवीत जंतुसंसर्ग. अँटिबायोटिक सुरू झालं, मग किडनीची सोनोग्राफी, ती नॉर्मल आली. आता ती सातवीत आहे आणि ही गोष्ट कुणाला सांगितली की खोलीतून उठून जाते.

पुणे

माझं फसलेलं लिहिते. मुलगा अकरा महिन्यांचा, तीन दिवस १०३. मी गूगल करून करून गोवर, डेंग्यू, सगळं ठरवून टाकलं. चौथ्या दिवशी ताप गेला आणि पाठ-पोट गुलाबी पुरळाने भरलं. मी रडत रडत दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, "पुरळ आलं म्हणजे सुटलात." रोझिओला, लहान मुलांना होणारा, आपोआप बरा होणारा व्हायरल ताप. तो बाळ खिदळत त्यांचा स्टेथोस्कोप ओढत होता आणि माझे डोळे सुजलेले. आईला वाटतं ते दर वेळी खरंच असतं असं नाही बायांनो, कधी कधी आई नुसतीच घाबरलेली असते.

ठाणे, बाबा

बायकांच्या धाग्यात शिरतोय, माफी असावी. माझी चूक लिहितो, कुणाच्या तरी कामी येईल.

आमच्याकडे पॅरासिटामॉलचं सिरप असायचं. एका रात्री ते संपलं म्हणून मी दुकानातून आणलं आणि घाईत हातात आले ड्रॉप्स. नाव तेच, कंपनी तीच, बाटली तेवढी छोटी. मी ड्रॉपर बाजूला ठेवून सवयीने मापाच्या टोपणात ओतायला लागलो. बायको अर्धवट झोपेत म्हणाली, "एवढं? अर्धी बाटली आत्ताच रिकामी झाली की." तिला मिलिग्रॅममधलं काही कळलेलं नव्हतं. बाटलीकडे बघून तिला ते नुसतं बरोबर वाटलं नाही. मी लेबल वाचलं आणि पाय गळाले. त्या सिरपच्या ५ मिलीत १२० मिलिग्रॅम होतं, ड्रॉप्सच्या एकेका मिलीत १००. म्हणजे टोपणात ५०० मिलिग्रॅम ओतलं होतं, मोठ्या माणसाची अख्खी गोळी. पोरगी आठ किलोची.

तेव्हापासून बाटलीवर स्केचपेनने 'फक्त ड्रॉपर' लिहून ठेवतो. डॉक्टर औषध लिहून देतात तेव्हा ड्रॉप्स की सिरप, आणि ५ मिलीत किती, हे त्यांच्यासमोरच वाचून घेतो. त्यांना कंटाळा येत असेल तर येऊ दे.

सातारा, आजी (टाईप नातीने केलंय)

सहाणेवर गुटी उगाळून मी चार पोरं वाढवली. वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, डिकेमाली, एकेकाचे वळसे मोजून. दात यायला लागले की टाकणखाराची लाही मधात कालवून हिरडीला चोळायची. नातवाच्या वेळी सून म्हणाली, वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, त्यातून बोटुलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते, आणि टाकणखार तर पोटात जायलाच नको. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मग दोघी मिळून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिचीच बाजू घेतली. धुतलेल्या बोटाने हिरडी चोळायला आणि फ्रिजमधलं गार ओलं फडकं चावायला द्यायला हो म्हणाले. म्हटलं, बरं. फडक्यावर तर फडक्यावर.

पण एकदा मी म्हणाले ते खरं निघालं. पोर नऊ महिन्यांचं. संध्याकाळपासून किंचाळायचं, पाय पोटाशी घ्यायचं, मग एकदम गप्प, मलूल. पंधरा-वीस मिनिटांनी परत तसंच. थर्मामीटर ९९ दाखवतोय म्हणून लेक म्हणाला, "दातच आहेत." मी म्हटलं, अरे, दाताचं रडणं किरकिरं असतं, खांद्यावर घेतलं की निवतं. हे कळांचं रडणं आहे, बाळंतिणीच्या कळांसारखं, येतंय आणि जातंय. रात्री अकराला गाडी काढायला लावली. सोनोग्राफीत आतड्यात आतडं शिरलेलं दिसलं. गुदद्वारातून हवेचा दाब देऊन सोडवलं, पोट फाडावं लागलं नाही. उशीर केला असता तर फाडावं लागलं असतं, असं तिथले सर्जन म्हणाले.

पुन्हा ठाणे, बाबा

आजी, 'कळांचं रडणं' हे मी लिहून ठेवलंय.

लेस्टर, इंग्लंड

इथे रात्री १११ ला, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या हेल्पलाइनला, फोन लावला की पलीकडची नर्स प्रश्नांची सरबत्ती करते. माझ्याकडे तेव्हा थर्मामीटरचा सेल संपलेला होता, मी शरमेने सांगितलं, "हाताला तापलेला लागतोय एवढंच." ती म्हणाली, तेवढं पुरे. नंतर कळलं की पाच वर्षांखालच्या मुलांच्या तापासाठी इथली जी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहे, तिच्यात तसं लिहिलेलंच आहे : आई-वडील ताप आहे म्हणाले तर ते खरं धरून गांभीर्याने घ्यायचं. २०२४ पासून इंग्लंडच्या रुग्णालयांमध्ये 'मार्थाज रूल' आणला जातोय. मार्था मिल्स ही १३ वर्षांची मुलगी २०२१ मध्ये सेप्सिसने, म्हणजे संसर्ग अंगभर भिनून, गेली. तिची प्रकृती ढासळतेय हे आई-वडील सांगत होते. आता घरच्यांना वेगळ्या पथकाकडून तातडीने तपासणी मागता येते.

आणखी एक इथे शिकले ते काचेच्या पेल्याचं. तापात अंगावर ठिपके दिसले तर पारदर्शक पेला त्यांच्यावर दाबून धरायचा. ठिपके पुसट झाले नाहीत तर थेट ॲम्ब्युलन्स.

बालरोगतज्ज्ञ, ओपीडी संपवून

पंख्याची गोष्ट वाचून लिहावंसं वाटलं. अशा गोष्टी जरूर सांगत जा. 'ताप किती' हे मला मोजता येतं. 'एरवी कशी असते' हे मला कुठून कळणार? ताप उतरलेला असताना मूल खेळतंय की तसंच पडून आहे, दूध किती घेतलं, सू किती वेळा झाली, एवढं सांगितलंत तरी माझं निम्मं काम होतं. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि ताप १००.४ असेल तर मात्र 'वाटण्या'ची वाटही बघायची नाही, यायचंच. आणि घरात उरलेलं मोठ्यांचं तापाचं औषध अर्धं करून देऊ नका. निमेसुलाइडवर बारा वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून आपल्याकडे बंदी आहे, तरी ते अजून कुणाकुणाच्या कपाटातून निघतं.

दातावर खापर फोडणं फार जुनं आहे. लंडनच्या सतराव्या शतकातल्या मृत्यूंच्या याद्यांमध्ये 'दात' हे मरणाचं कारण म्हणून लिहिलेलं सापडतं. तिकडे दात येतानाच्या पुड्यांमध्ये पारा असायचा. पोरांचे हातपाय गुलाबी होऊन सोलायचे, त्याला 'गुलाबी आजार' म्हणत. विसाव्या शतकाच्या मध्याला त्या पुड्या बंद झाल्या आणि आजार ओसरला.

आता माझंच सांगते. माझ्या मुलाची किरकिर मी 'दाढा येतायत' म्हणून दोन दिवस घरात काढली. तिसऱ्या दिवशी कामाच्या मावशी म्हणाल्या, "ताई, तळव्याला बघा काय आलंय." बारीक फोड. तोंड उघडून बघितलं तर घशातही. हँड-फूट-माउथ. आपोआप बरा होणारा आजार आहे, झालाही, पण मी ओपीडीत दिवसाला चाळीस तोंडं उघडून बघते आणि घरातलं एक राहिलं होतं.

कोल्हापूर

आमच्याकडं तापात झटका आला होता, दीड वर्षाच्या पोराला. डोळे वर, दातखिळी. कुणी कांदा फोडायला धावलं, कुणी चप्पल हुंगवायला, चुलत सासरे चमचा घेऊन आले तोंडात घालायला. मला आधीच्या बाळाच्या वेळी नर्सबाईंनी सांगितलेलं आठवलं : कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. मी सगळ्यांवर ओरडले, मोठ्या दिरांवरसुद्धा. दोन मिनिटांत थांबलं, तरी दवाखान्यात नेलंच. पाच मिनिटांच्या वर चाललं तर एक क्षण थांबायचं नाही म्हणाले.

गडचिरोली, आशा सेविका

मी फार लिहीत नाही. बाळाला ताप आणि खोकला असला की झबलं वर करायचं आणि पोटाकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचा, बाळ शांत असताना. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त भरले तर न्यूमोनिया असू शकतो, लगेच न्यायचं. एक वर्षाच्या वर ४०. एक आई मला म्हणाली होती, "ताई, याचं पोट आज पळून राहिलंय." मोजले तर ६४.

नाव नको

धागा वाचतोय. मुलगा ११ महिने. कालपासून जुलाब, उलटी दोनदा, अंग गरम. आई म्हणते दातांचे जुलाब असतात, बंद करू नको. डॉक्टरांची वेळ संध्याकाळी सहाला आहे. थांबू का?

नागपूर, दोन मुलींची आई

ओआरएस देताय ना? सू शेवटची कधी केली?

नाव नको

देतोय, पण तोंड फिरवतो. सू रात्री झोपताना. सकाळपासून डायपर कोरडाच आहे.

बालरोगतज्ज्ञ

रडताना पाणी येतंय का डोळ्यातून?

नाव नको

नाही. आत्ता तुम्ही विचारल्यावर बघितलं.

सातारा, आजी

अरे मग सहा कशाला वाजू देतोस? ऊठ. आईला म्हणावं, सातारच्या आजींनी सांगितलंय.

नाव नको

रिक्षात आहे. आईपण बरोबर आली, वाटी-चमच्याने पाजतेय.