अनुभव धागा: ही-मॅनचा गुरू, मॅन-अ‍ॅट-आर्म्स

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर 'ही-मॅन' ही कार्टून मालिका पाहिलेल्यांना तलवार उंचावणारा नायक आठवतो, कवटीच्या तोंडाचा खलनायक स्केलेटॉर तर त्याहून अधिक आठवतो. निळे शिरस्त्राण आणि नारिंगी चिलखत घातलेल्या डंकनचा, म्हणजेच मॅन-अ‍ॅट-आर्म्सचा, विषय मात्र क्वचितच निघतो. मॅटेल कंपनीने १९८२ साली या पात्रांची खेळणी बाजारात आणली आणि १९८३ पासून फिल्मेशन या अमेरिकी कार्टून कंपनीने त्यांवर १३० भागांची मालिका काढली. इटर्निया या काल्पनिक जगातल्या राजाच्या पदरी असलेल्या या शस्त्रप्रमुखाला कसलीही जादू येत नाही. तो यंत्रे बनवतो, मुलांना घडवतो आणि राजपुत्र अ‍ॅडम हाच ही-मॅन आहे हे ठाऊक असूनही राजाकडे त्याची वाच्यता करत नाही. या पात्राशी आपला संबंध कसा आला, ते सविस्तर लिहावे. ही-मॅन श्रेष्ठ की अन्य कोणी, हा वाद येथे नको.

कोल्हापूरहून:
मी जुनी खेळणी जमवतो. भारतात लिओ कंपनीने ही खेळणी काढली होती आणि त्यांचे रंग अमेरिकी खेळण्यांहून काहीसे वेगळे असल्यामुळे परदेशातले संग्राहकही आज ती शोधत असतात. मूळ खेळण्यातल्या डंकनला मिशी नाही, ती मालिकेने दिली. माझ्या थोरल्या भावाला हा फरक सहन झाला नाही आणि त्याने बॉलपेनने मिशी काढली, ती अद्याप पुसली गेलेली नाही. छातीचे, हाताचे आणि पायाचे चिलखत निरनिराळे काढता येत असल्यामुळे पायाचा तुकडा बहुतेकांकडून हरवलेला असतो. विकत घेताना आधी तोच पाहावा.

नाशिकहून:
आयटीआयमध्ये फिटर शाखेचा निदेशक म्हणून माझी हयात गेली. लहानपणी मला ही-मॅनपेक्षा डंकनची कार्यशाळा अधिक आवडत असे, कारण आमच्या घरामागे वडिलांची लेथ होती आणि पडद्यावर प्रथमच हातात पाना घेतलेला माणूस राजाच्या शेजारी मानाने उभा असलेला मी पाहत होतो. अटॅक ट्रॅक, विंड रेडर ही वाहने जादूने प्रकट होत नाहीत. ती कोणीतरी बनवलेली असतात आणि बिघडली तर दुरुस्त करावी लागतात, याचे मला विलक्षण अप्रूप होते. पुढे शिकवू लागल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. डंकनने वाढवलेली टीला अ‍ॅडमला आळशी आणि भित्रा म्हणते तेव्हा डंकनला खरे काय ते माहीत असते, तरीही शिष्याची बाजू सावरण्याच्या मोहाने तो भलतेच बोलून जात नाही. आपल्या हाताखालचा मुलगा प्रत्यक्षात किती तयार आहे हे ठाऊक असून गप्प राहणे किती अवघड असते, हे शिकवणाऱ्यालाच कळेल.

मुंबईहून:
मी डबिंगच्या क्षेत्रात काम करते. फिल्मेशनच्या मालिकेत मॅन-अ‍ॅट-आर्म्सचा आणि स्केलेटॉरचा आवाज एकाच कलावंताचा, अ‍ॅलन ओपेनहायमर यांचा, आहे. भित्रा वाघ क्रिंजर हाही त्यांचाच. स्केलेटॉरच्या किरट्या, नाकातल्या आवाजाचे कौतुक सगळेच करतात. मला मात्र डंकनचा आवाज अधिक कठीण वाटतो, कारण त्यात लपायला जागा नाही. साधा, वडीलधारा स्वर कंटाळवाणा होऊ न देता इतके भाग टिकवणे ही खरी परीक्षा आहे.

ठाण्याहून:
आमची मुलगी दत्तक आहे आणि हे तिला लहानपणापासून माहीत आहे. 'टीलाज क्वेस्ट' हा भाग आम्ही दोघींनी मिळून पाहिला. त्यात टीला आपल्या आईच्या शोधात निघते, कॅसल ग्रेस्कल या जादुई किल्ल्याची रक्षक सॉर्सरेस हीच आपली जन्मदात्री असल्याचे तिला कळते आणि लगेच तिच्या मनातून ती आठवण पुसून टाकली जाते. डंकनने तिला पोटच्या मुलीसारखे वाढवले आणि दिलेल्या शब्दाखातर आईचे नाव सांगितले नाही. मालिकेला हे उदात्त वाटते, मला तसे वाटत नाही. कॅसल ग्रेस्कलचे रक्षण हे कारण कितीही मोठे असले, तरी मुलीला सत्य समजल्यावर ते पुन्हा काढून घेणे हा तिच्यावरचा अन्याय आहे, आणि माझ्या मुलीनेही, मी काही बोलण्यापूर्वीच, "तिला विचारलं का कुणी?" असा प्रश्न केला. असे असूनही डंकन तिचा आवडता आहे. टीलाला तलवार चालवायला त्याने शिकवले आणि ती राजरक्षकांची प्रमुख झाली तेव्हा तिला मागे खेचले नाही, एवढे तिला पुरते.

साताऱ्याहून:
वरील प्रतिसाद वाचून लिहावेसे वाटले. मी शासकीय सेवेत वरिष्ठांचा स्वीय सहायक होतो, त्यामुळे न बोलण्याचा पगार म्हणजे काय ते मला माहीत आहे. नेटफ्लिक्सवर २०२१ साली आलेली 'रेव्हेलेशन' ही ही-मॅनची नवी मालिका नातवाने लावून दिली. तिच्या पहिल्याच भागात अ‍ॅडम मरण पावतो, त्याचे गुपित उघड होते आणि राजा रँडॉर संतापून डंकनला राज्यातून हद्दपार करतो. नुकतेच मॅन-अ‍ॅट-आर्म्सचे, म्हणजे शस्त्रप्रमुखाचे, पद मिळालेली टीलाही, आपल्यापासून एवढी गोष्ट लपवली गेली म्हणून, ते पद सोडून निघून जाते. जुन्या मालिकेत ज्या मौनाचा केवळ गौरव होत असे, त्याची किंमत येथे प्रथमच वसूल झाली. नातवाच्या मते राजा दुष्टपणे वागला. मला ते पटत नाही. गुपित अ‍ॅडमचे होते हे खरे, परंतु डंकन चाकरी रँडॉरची करत होता, आणि ज्या बापाला मुलाची खरी योग्यता त्याच्या मृत्यूनंतर परक्याकडून कळते, त्याने दुसरे काय करावे? हद्दपारीची आज्ञा डंकन निमूटपणे स्वीकारतो आणि स्वतःच्या बचावाचे भाषण करत नाही, हे मात्र आमच्या खात्यातल्या जुन्या माणसांना शोभेल असेच झाले.